आपुलकी नको मला!

माझ्या चुलतभावाच्या, धम्मदीपाच्या लग्नात जेवणं आटोपली, तशी मी मांडवातली एक खुर्ची पकडून बसले. तेवढ्यात डेकोरेशनवाला समोर येऊन उभा!

"मॅडम, उठा. खुर्च्या गाडीत भरायच्या हायत."

"मंग माह्यासकट भरा."

तो हसला... आणि माझी खुर्ची सोडून बाकीच्या भरत राहिला. हा राजपाल, मंगरूळपीरचा. त्यानंतर आमच्या आसेगावात कोणाचंही लग्न असो, मी शेवटपर्यंत थांबायची. घरी सांगायची, भांडी आवरू लागते!

पण हा पठ्ठ्या बोलायचा काय? "सुकेशनी, मले तुही काळजी वाटते." नाहीतर, "आपुलकी वाटते." मला असा राग यायचा! काळजी काय, एसटीचा कंडक्टरही करतो. आणि निवडणूक आली की पुढाऱ्यांना सगळ्या गावाबद्दल आपुलकी वाटते. मला त्याहून मोठा शब्द हवा होता, आणि तो त्याच्याच तोंडून.

डिसेंबरात रिसोडचं स्थळ आलं. पाहण्याच्या कार्यक्रमाला बाबांनी खुर्च्या सांगितल्या, त्याही राजपालकडेच. माझ्याकडे न पाहता तो अंगणात खुर्च्या मांडत होता.

"काही वाटते का तुले?" मी दारातूनच विचारलं.

"वाईट वाटते..."

"वाईट तं दूध नासल्यावरबी वाटते, राजपाल!"

तो पुढची खुर्ची मांडायला वळला. मी तणतणत पाहुण्यांना चहा दिला. मुलाच्या मामांनी कप रिकामा केला, मिशी पुसली आणि बाबांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाले."

"मले नाही पसंत," मी म्हणाले.

आईनं डोळे वटारले. बाबांचा चेहरा उतरला. "काहून?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी अंगणाच्या कडेला उभा असलेला राजपाल बोलला. नजर थेट बाबांवर होती. "काका, माहा जीव हाय तिच्यावर. तिच्याबिगर मले करमत नाही — आज गप्प राह्यलो तं जनमभर पस्तावा होईल."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पाहुणे उठून निघाले. बाबा जागचे हलले नाहीत. राजपालला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ते माझ्याकडे वळले.

"आन तू? तुलेबी हा आवडते?"

"आवडते तं मले भरीतबी, बाबा," मी म्हणाले. "माहा जीव हाय याच्यावर. तुमी नाही म्हटलं, तरी राहणारच."