नऊ नंबरची अर्धी रिंग

लुब्वामा त्या रात्री आला तो कामाचं सांगूनच आला. बोडावरून उतरला, मोटरसायकलवाल्याला जायला सांगितलं. पाठीला लॅपटॉपची पिशवी, हातात कागदात गुंडाळलेली चपाती. चौदा ऑगस्ट, बुधवार, रात्रीचे दहा चाळीस. वेळ मला पाठ आहे, कारण गेटच्या वहीत मीच ती लिहिली.

तुम्ही पोरं या गेटवर नवीन, म्हणून सांगतो. आज इथे घराघरांत दिवे दिसतात, तेव्हा नुसत्या भिंती होत्या. इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचं काम लुब्वामाकडे होतं. गवंड्यांना मजल्यामजल्यावर एक फोन, ऑफिसच्या कंटेनरमध्ये एक, आणि तिथेच सगळ्यांना जोडणारी पेटी. पुढचं सगळं त्यानेच मला सांगितलं, याच बाकावर बसून.

"काय रे, बायकोने हाकलला का एवढ्या रात्री?" मी विचारलं.

"पेटी तपासायची आहे, कावेसीबाबा. उद्या चौकशीला साहेब लोक येणार."

"मग सकाळी तपास की. आत्ता काय भुतं फोन करणार आहेत तुला?"

ही माझी थट्टा. तो हसला नाही.

त्याचं दुखणं असं होतं. साइटवरचे फोन आपसात फुकट. लुब्वामा शंभरदा सांगून थकला, "अरे, पैसे पडत नाहीत, बोला ना पोटभर!" पण आपली माणसं ती आपलीच. सगळ्यांची सवय बीप मारायची, एक रिंग द्यायची आणि कापायची. त्यांनी खुणाच ठरवून टाकल्या. एकदा बीप म्हणजे पाणी पाठवा. दोनदा म्हणजे काँक्रीट. तीनदा म्हणजे धोका आहे, पळत या. मुकादम वांडेरा ऑफिसात बसून रिंगा मोजायचा आणि माणसं धाडायचा. कधी चुकला नाही.

मॅनेजरचं डोकं मात्र उठलं. "दिवसभर ही टिणटिण! बंद कर बाबा काहीतरी करून." लुब्वामाने पेटीत एक ओळ घातली. पहिले पाच सेकंद ऑफिसचा फोन वाजायचाच नाही. मनात म्हणाला, वांडेराला संध्याकाळी सांगू. संध्याकाळी विसरला. दुसऱ्या दिवशीही विसरला.

तिसऱ्या दिवशी शौचालयाच्या टाकीचा खड्डा ढासळला. चौदा फूट खोल. खाली ओकिरोर होता, सोरोटीकडचा, चांगला उंचापुरा गडी. कमरेपर्यंत माती आली, शिडी मोडली. खड्ड्यात नऊ नंबरचा फोन टांगलेला होता, तो त्याच्या हाताला लागला. वरच्या साथीदाराने डोळ्यांनी पाहिलं, ओकिरोरने तीनदा बीप मारली. रीतसर. मग तो वर बघत थांबला.

ऑफिसात काहीच वाजलं नाही. साथीदार धावत जाऊन ओरडेपर्यंत उरलेली भिंत खाली आली होती. ओकिरोरला बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता. फोन मातीतच राहिला, तुटक्या वायरीसकट. खड्डा तसाच बुजवला.

आणि सगळ्यांनी धरलं वांडेराला. झोपला होता म्हणाले. पोलिसांनी आत घेतलं. बुधवारी दुपारी लुब्वामा मक्याच्या पिठाचा पोशो आणि घेवडा घेऊन त्याला भेटायला गेला, तर तो गजांना धरून म्हणाला, "सेबो, भाऊ, तुझ्या पेटीत सगळं लिहिलेलं असतं ना? उद्या दाखव त्यांना. देवाशपथ, फोन वाजलाच नाही. तू दाखवलंस की मी सुटतो."

लुब्वामाने 'दाखवतो' म्हणून मान डोलावली आणि पाठ फिरवून थेट बाहेर पडला.

कारण पेटीत खरंच सगळं होतं. तीन कॉल होते आणि ती पाच सेकंदांची ओळही होती, तारखेसकट, त्याच्या नावानिशी. ती ओळ पुसली की फोन वाजला होता असंच दिसणार. लुब्वामा वाचणार, वांडेरा कायमचा आत जाणार. तेवढ्यासाठीच तो रात्री आला होता. वाईट माणूस नव्हता रे. घाबरलेला होता.

कंटेनरमध्ये शिरला. दार लावून घेतलं. लॅपटॉप उघडला. अकरा वाजून दहा मिनिटं.

ओळ सापडली. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

टेबलावरचा फोन वाजला.

अर्धी रिंग. मग बंद.

लुब्वामा बघतच राहिला. पाच सेकंदांच्या आत कापलेला फोन आता वाजूच शकत नव्हता. त्यानेच तशी सोय केली होती. फोनच्या पडद्यावर आकडा उमटला होता... नऊ.

वायर कुठेतरी चिकटली असेल, तो स्वतःशी म्हणाला. बोट पुन्हा बटणावर गेलं.

पुन्हा अर्धी रिंग. बंद. नऊ.

त्याने भिंतीतून फोनची वायर उपटली. वायर हातात. फोन मेलेला. पडदा काळा.

तो थांबला. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं.

तिसरी रिंग झाली...

ती कापायच्या आत त्याने रिसीव्हर उचलला. का उचलला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

"हॅलो."

त्याने रिसीव्हर कानाला घट्ट दाबला.

"कोण आहे?"

बारीक माती सरकल्याचा आवाज. थोडा थांबला. पुन्हा सरकली. मग श्वास. तोंडात काहीतरी भरलेल्या माणसाचा श्वास...

"ओकिरोर?"

श्वास थांबला. पलीकडे कुणीतरी ऐकत होतं.

लुब्वामा ढसाढसा रडायला लागला. "मी केलं, ओकिरोर. तू बीप मारलीस, बरोबर मारलीस. मीच ती वाजू दिली नाही. वांडेरा जागाच होता. मी उद्या सांगतो... सगळ्यांसमोर सांगतो."

पलीकडून फोन कापला नाही.

रिसीव्हर लोंबकळत सोडून तो माझ्याकडे धावत आला. अनवाणी. चप्पल कुठे पडली त्याला ठाऊक नव्हतं. सकाळपर्यंत या बाकावर बसून होता.

शब्दाला मात्र जागला. साहेबांसमोर त्याने पेटी उघडली, ओळ दाखवली, खाली आपलं नाव दाखवलं. वांडेरा त्याच संध्याकाळी सुटला. लुब्वामाचं काम गेलं, खटला अजून चालू आहे. आता मसाकाला भावाच्या शेतावर असतो. फोन वापरत नाही.

रिसीव्हर सकाळी मीच जागेवर ठेवला. उपटलेली वायर तशीच खाली पडली होती. आणि पेटीच्या पडद्यावरच्या यादीत सगळ्यात वर एक कॉल दिसत होता. नऊ नंबरवरून, रात्री अकरा वाजून चौदा मिनिटांनी आलेला. पुढे लिहिलं होतं, चालू आहे.

कंपनीची माणसं आली, पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. नऊ नंबर यादीतूनच काढून टाकला. काही फरक नाही. आज तुम्ही यायच्या आधी मी पेटीत डोकावून आलो, त्या कॉलचे सेकंद अजून पुढे सरकत होते. ओकिरोरने हयातीत एकही फोन एका रिंगच्या पुढे जाऊ दिला नाही. हा फोन त्याने अजून खाली ठेवलेला नाही.