ठमाबाईचा साचा

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दिवसाची आहे.

म्हणूनच कुणी विश्वास ठेवत नाही.

पण मी तिथे होते. फक्त पाण्यावर जे झालं ते मी पाहिलेलं नाही. ते अब्बांनी सांगितलं, आणि माझे अब्बा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

२००१ सालचा हिवाळा. जुन्नरहून घोडेगावला जाताना रस्त्यापासून जरा आत एक खाजगी संग्रहालय होतं. आता बंद आहे. नाव सांगत नाही, ट्रस्टची माणसं अजून हयात आहेत.

माझे अब्बा, चांदभाई, जुन्नरात पीओपीचं काम करायचे. मोहरमला ताबूत बांधायचे. त्यांच्या हातात कला होती. त्या संग्रहालयात एक नवं दालन होणार होतं... धरणात बुडालेल्या गावाचं. उखळ, कणग्या, जुनी दारं, सगळं गोळा करून आणलं होतं. मधोमध जात्यावर बसलेली म्हातारी हवी होती. तो पुतळा अब्बा करणार होते. मी कॉलेज संपवून घरीच होते. रंग द्यायला, केस चिकटवायला त्यांच्याबरोबर जायचे.

दालनाचं सगळं राकेश सर बघायचे. पुण्याहून आलेले. हुशार माणूस, बोलायला गोड.

"चांदभाई, चेहरा मनाने करू नका. त्याच गावच्या बाईचा पाहिजे. जिवंत माणसाचा साचा घ्या."

आणि एका सकाळी भिमाजी आपल्या आईला घेऊन आला.

ठमाबाई. वाळलेली, काटकुळी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. तिचं घर, शेत, सगळं डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेलं. घरचं जातं तेवढं उचलून आणलं होतं, तेही आता भिमाजीने संग्रहालयाला दिलं होतं.

साचा घ्यायचा म्हणजे आधी चेहऱ्याला तेल लावायचं. मग प्लास्टरमध्ये भिजवलेल्या पट्ट्या. डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं. नाकपुड्यांत दोन नळ्या, श्वासापुरत्या. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हलायचं नाही.

म्हातारी म्हणाली, "बाबा, मला पडसं हाय. नाक चोंदलंय. मी तोंडानं दम घेती."

अब्बा थांबले. "सर, पडसं बरं झाल्यावर करू."

"उद्घाटनाचे पाहुणे ठरलेत, चांदभाई. आजी, त्रास झाला की हात वर करा. लगेच काढू."

भिमाजी बाहेर टेम्पोतून जातं उतरवत होता. आत म्हातारीजवळ आम्ही तिघंच.

पट्ट्या लागल्या. प्लास्टर गरम होऊ लागलं.

आणि म्हातारीचा हात वर आला...

अब्बा पुढे झाले. राकेश सरांनी तो हात पकडला आणि खुर्चीच्या दांड्यावर दाबून धरला.

"थांबा. आता काढलं तर सगळं वाया जाईल."

"सर, तडफडतेय ती!"

"थोडाच वेळ."

तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. घर्र... घर्र...

मग तो आवाज थांबला.

अब्बांनी सरांना ढकललं आणि साचा ओढून काढला. म्हातारीचे ओठ काळे पडले होते. तिने श्वास आत ओढला... फाटक्या भात्यासारखा आवाज झाला.

राकेश सर तिच्याकडे बघतही नव्हते. ते साचा उन्हात धरून उभे होते.

"अप्रतिम! एकेक सुरकुती आलीय."

आठवड्याच्या आत ठमाबाई गेली. भिमाजीला वाटलं, वय झालं होतं.

अब्बांनी साच्यातून फायबरचं डोकं काढलं. साच्यात ओठ मिटलेले होते. मी स्वतः पाहिलं होतं, अब्बांनी आत बोटही फिरवलं होतं.

पण डोकं बाहेर आलं तेव्हा...

तोंड उघडं होतं.

आतपर्यंत. पोकळ.

अब्बांनी ते लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलं. सकाळी लांबीचा गोळा जमिनीवर पडलेला. ओला. पुन्हा बुजवलं. पुन्हा तेच.

राकेश सर खूश झाले. "राहू द्या हो. ओवी म्हणतेय असं वाटतं."

मी केस लावले, रंग दिला. अब्बांनी तिला जात्यावर बसवलं आणि भोवती काचेची पेटी उभी केली.

दुसऱ्या दिवशी काच पुसायला गेले, तर तिच्या तोंडासमोर वाफेचा गोल ठिपका होता. मी पुसला. निघेना.

वाफ आतून होती.

मी बघत राहिले. ठिपका लहान झाला... मोठा झाला... लहान झाला...

मी किंचाळले. अब्बा धावत आले. त्यांनीही पाहिलं.

राकेश सर म्हणाले, "दमट हवा आत जातेय. पेटी सील करा."

अब्बा म्हणाले, "मी नाही करणार."

मग सरांनी स्वतःच सगळ्या फटींत सिलिकॉन भरलं. अगदी निगुतीने.

त्या दुपारी आम्ही शेजारच्या खोलीत जेवत होतो. पेटीतून आवाज आला. टाचा घासल्याचा.

घर्र... घर्र...

पुतळ्याला पायच नव्हते. लुगड्याखाली नुसते बांबू होते.

उद्घाटनाला बुडालेल्या गावची सगळी माणसं बोलावली होती. भिमाजीही आला. धुतलेला सदरा, टोपी. पेटीसमोर येऊन तो थबकला.

"आयचं त्वांड उघडं का ठिवलं?"

त्याने काचेला कपाळ टेकलं.

आणि आतून, बरोबर त्याच्या कपाळासमोर... काच धुरकट झाली.

"आये?"

"काच उघडा," भिमाजी म्हणाला. "तिला दम लागलाय. काच उघडा!"

राकेश सर हसून म्हणाले, "ही आता संग्रहालयाची वस्तू आहे. हात लावता येणार नाही."

"वस्तू?"

वॉचमनने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर चिंचेखाली अब्बांनी त्याला सगळं सांगितलं. नळ्यांचं, हाताचं, सगळं. मला वाटलं, तो अब्बांना मारेल. तो नुसता खाली बसला. बराच वेळ माती उकरत राहिला.

मग म्हणाला, "चांदभाऊ, मला माझी आय द्या."

पाहुणे जेवायला बसल्यावर अब्बांनी हातोडी घेतली. मी दारात उभी होते.

काच फुटली.

आणि दालनातली सगळी हवा पेटीकडे ओढली गेली. पडदे तिकडे ताणले गेले. समई विझली. माझ्या छातीतला श्वाससुद्धा कुणीतरी उपसून घेतल्यासारखा झाला.

अब्बांनी डोकं सोडवलं, शालीत गुंडाळलं आणि ते आणि भिमाजी मागच्या वाटेने गेले.

पुढचं अब्बांनी सांगितलेलं.

भिमाजीने ओळखीच्या कोळ्याची होडी घेतली. धरणाच्या मध्यावर येऊन वल्हं थांबवलं. "हितंच खाली आमचं घर व्हतं. आय म्हनायची, मला गावातच माती द्या. गावच न्हाई, तर देऊ कुठं?"

त्याने डोकं पाण्यावर ठेवलं.

ते बुडेना.

आतून पोकळ. चेहरा वर, तोंड उघडं, लाटेवर हलत राहिलं. होडीत दगड नव्हता. भिमाजीने ते हाताने खाली दाबलं. तोंडात पाणी शिरलं, बुडबुडे आले... आणि ते उसळून पुन्हा वर.

शेवटी त्याने पंजा आईच्या तोंडावर ठेवला आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला.

"जा आये... जा आता..."

बुडबुडे येत राहिले. येतच राहिले. एवढ्याशा डोक्यात एवढी हवा कुठून, अब्बांना कळेना. त्यांनी वाकून पाहिलं. पाण्याखाली ते डोकं डावीकडे, उजवीकडे... जोरजोरात हलत होतं. भिमाजी रडत होता आणि दाबत होता.

मग बुडबुडे थांबले.

राकेश सरांनी चोरीची तक्रार केली. ट्रस्टने ती मिटवली, नाव खराब नको म्हणून. सरांना पुढे मोठ्या शहरात मोठं पद मिळालं. त्यांना काही झालं नाही. साधा तापही आला नाही. असल्या गोष्टीत शेवटी दोषी माणसाला शिक्षा होते म्हणतात. मी तरी पाहिली नाही.

अब्बा २००५ ला गेले. पुढच्या वर्षी मी भिमाजीला कळवायला त्याच्या घरी गेले. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती, खांद्यावर झोपलेली.

तो ओसरीत खाटेवर बसला होता. केस पांढरे झालेले. उजवा हात खाटेच्या खुराला दोरीने बांधलेला.

त्याच्या बायकोने, सखूबाईने चहा आणला. तो डाव्या हाताने प्यायला.

"हाताला काय झालं?"

सखूबाईच म्हणाली, "नातीच्या त्वांडावर जातो तो हात. झोपंत न्हाई. चांगला जागा असताना. एकदा मी येळंवर धावले म्हनून पोर वाचली. आता पोरगा-सून तिला घिऊन येडगावला ऱ्हात्यात. हिकडं येत न्हाईत."

"भिमाजीभाऊ?"

त्याने मान वर केली.

"मी न्हाई करत, बाई. ती अजून खाली गेलीच न्हाई. हात दाबतोच हाय."

तेव्हा माझं लक्ष गेलं. मार्चचं कडक ऊन होतं. पण त्याचा बांधलेला हात...

खांद्यापर्यंत ओला होता.

माझी मुलगी झोपेत चुळबुळली. दोरी ताणली गेली. खाट सरकली.

"तिला घिऊन जा," भिमाजी म्हणाला. "पळ."

मी पळाले. चप्पलही घातली नाही.

मुलगी आता मोठी झालीय. तरी ती शांत झोपली की मी उठते, तिच्या नाकाजवळ बोट धरते. श्वास लागतो बोटाला. मग माझा चालू होतो.