मरण्यात पटाईत

मेलेला माणूस डोळा मारतो, हे पुई-साननं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

भर दुपार होती. हाँगकाँगच्या त्या स्टुडिओत चहाघराचा सेट लागला होता, वरच्या नळ्यांतून धो धो पाऊस पाडला होता, आणि त्या पावसात पांढऱ्या सुटातला एक मारेकरी छातीवर गोळ्या झेलून डबक्यात आडवा झाला होता. मारेकऱ्यांनी पांढरेच सूट घालायचे, रक्त उठून दिसतं, असा दिग्दर्शकांचा हट्ट. ते सूट सांभाळायचं काम पुई-सानचं. ती टॉवेल घेऊन कॅमेऱ्यामागे जीव मुठीत धरून उभी होती… माणसासाठी नव्हे, सुटासाठी. तेवढ्यात त्या मुडद्यानं एक डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं, आणि अलगद मिटला.

शॉट संपला तशी ती तरातरा त्याच्यापाशी गेली.

"ऊठ आता! किती लोळणार? चिखलाचे डाग जात नाहीत."

"आणि रक्ताचे?"

"ते साखरेच्या पाकाचं आहे. धुतलं की जातं."

"तरीच!" त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "म्हटलं, मरण इतकं गोड कसं?"

"नाव काय रे तुझं?"

"सेक फाय. हिरोच्या बदली उड्या मारतो, काचेतून पडतो आणि मरतो."

"मरतोस बरा. तेवढं डोळा मारायचं सोड."

"ते फक्त तू समोर असलीस की होतं… त्याला मी काय करू?"

पुई-साननं टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला आणि मागे वळली. कान तापले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून.

त्यानंतर फाय रोज कपड्यांच्या खोलीत हजर. आज बटण तुटलंय, उद्या शिवण उसवलीय. ती बटणं तिनं स्वतः लावलेली, घोड्यानं ओढली तरी निघाली नसती. पण ती काही बोलायची नाही. तो उभा राहायचा, ती त्याच्या छातीपाशी सुई चालवायची, आणि गच्चीवरून बेधडक उडी घेणारा हा पठ्ठ्या श्वास रोखून धरायचा. निघताना मात्र अंड्याच्या गोड, गरम टार्टचा डबा टेबलावर ठेवायचा आणि दरवेळी तेच सांगायचा, "कोंगनं पाठवलेत."

कोंग म्हणजे त्याच्याच टोळीतला स्टंटवाला. धिप्पाड गडी, पण बाई समोर आली की त्याची दातखीळ बसायची. पुई-सानशी तो अजून एक शब्दही बोलला नव्हता.

एकदा सेटवर पावसाच्या नळ्या दुरुस्त होत होत्या, तेव्हा ती फायला कॅन्टीनमध्ये घेऊन गेली. दोन कप कडक दूध-चहा समोर आला, आणि तिनं थेट विषयाला हात घातला.

"मेकअपवाल्या मावशींनी कोंगला टार्टबद्दल विचारलं. त्याला पत्ताच नव्हता."

फायनं कपात डोकं घातलं.

"बोल ना. आता का मेलास?"

मग हळूहळू बाहेर आलं. कोंगला ती आवडायची. 'दादा, तू जरा बोलून बघ ना,' असं त्यानं फायला गळ घालून सांगितलं होतं. आणि हाच तो कोंग, ज्यानं गच्चीवर फायचा दोर सुटला तेव्हा नुसत्या हातांनी तो धरून ठेवला होता. तळहातांची सालटी निघाली, पण फायला खाली पडू दिलं नव्हतं.

"आणि तुला?" तिनं विचारलं.

"मला… काय?"

"तुला मी आवडते की नाही?"

"तो प्रश्नच येत नाही, सान. त्यानं माझ्यासाठी हात सोलून घेतलेत."

"मग त्याला मलम दे ना! मलाच कशाला देऊन टाकतोस?"

तो हसला नाही. "नव्या वर्षाचं काम सुरू होईल त्या दिवशी कोंगला घेऊन येतो. तू त्याच्याशी बोल. त्यानंतर… मी येणार नाही."

त्या दिवशी पुई-सान इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. तिला फाय हवा होता, दुसरं काही नको होतं. आणि हा शहाणा पडद्यावरचं इमान घरी घेऊन निघाला होता! त्या सिनेमांत हे असंच. मित्र मित्रासाठी छाती पुढे करतो, बाई खिडकीत उभी राहते, आणि तिला कुणी काही विचारत नाही. पण त्याच सिनेमांत आणखीही एक गोष्ट असते. भावाची बायको आत आली की भले भले मारेकरी सिगारेटी विझवून उठतात, मान झुकवतात आणि 'वहिनी' म्हणतात. मग त्या बाईकडे कुणाची वाकडी नजर जात नाही.

तिनं डोळे पुसले आणि लाल पाकिटं विकत आणायला गेली.

नव्या वर्षानंतर कामाच्या पहिल्या दिवशी लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना लाल पाकीट द्यायचं, ही तिथली रीत. सगळं युनिट अंगणात जमलं होतं. फाय आला तो कोंगला जवळजवळ ढकलतच. कोंगनं केस तेलानं चापून बसवले होते, ओठात सिगारेट होती आणि कपाळावर घाम.

पुई-सान सरळ त्याच्यासमोर गेली आणि दोन्ही हातांनी लाल पाकीट पुढे केलं.

"कोंग भाऊजी, वर्ष सुखाचं जावो."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"अगं," मेकअपवाल्या मावशी ओरडल्या, "तुझं लग्न झालं कधी?"

"होईल की, मावशी. नवरा तुमच्या समोरच उभा आहे. त्याला तेवढं कळायचंय."

फायचा चेहरा पांढराफटक पडला. कोंगनं पाकिटाकडे पाहिलं, मग फायकडे, मग पुन्हा पाकिटाकडे. त्यानं पाकीट घेतलं नाही, तर फाय त्याच्यामागोमाग निघून जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही हात तिनं मागे घेतले नाहीत.

कोंगनं सिगारेट बुटाखाली विझवली. ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी पाकीट घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला.

तिच्याशी बोललेला त्याचा तो पहिला शब्द.

मग तो वळला आणि फायच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे, थेट तिच्यासमोर आला. "दादा, तू ठार गाढव आहेस! मला सांगायचं होतंस. मी बघेन माझं… तू बोल आता."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. फायला एवढ्या लोकांत मरायची सवय होती, बोलायची नव्हती.

"सान… पहिल्या दिवसापासून आवडतेस तू मला. मी फार मोठी चूक करायला निघालो होतो."

"माहीत आहे."

"रागावलीस?"

"भयंकर."

तो थोडा धीट झाला. हात पुढे केला. "मग माझं पाकीट कुठंय?"

"तुला कसं देऊ?" पुई-साननं तो हात घट्ट धरला. "ते बिनलग्नाच्यांना असतं."