कड्यावरचा निवारा

ज्याला खोटं वाटेल त्याने आत्ताच उठून झोपायला जावं, मला राग नाही. पण मग उद्या सकाळी "काका, पुढं काय झालं?" म्हणून मागे लागायचं नाही. आणि ती खिडकी लावून घ्या कोणीतरी.

ज्याच्यावर ही वेळ आली तो सुतार माझ्या चांगल्या ओळखीतला. घरात तो थोरला जावई, म्हणून आपण त्याला थोरलाच म्हणू. त्याचा साडू तो धाकटा. लाकूडकामाचा कारखाना सासऱ्यांचा. थोरल्याने उमेदीची सगळी वर्षं तिथेच घातली, भुसा त्याच्या भुवयांत कायमचा मुक्कामाला. धाकटा कॉलेजात शिकून आलेला, कानावर पेन्सिल, नखं स्वच्छ. सासरे कौतुकाच्या बाबतीत महाचिक्कू. थोरल्याने कितीही देखणं दार केलं तरी ते त्यावरून बोट फिरवायचे, "हं" म्हणायचे आणि चहा मागायचे. एक दिवस धाकट्याने नुसता नकाशा पुढे ठेवला, तर म्हातारा म्हणाला, "चांगलं झालंय."

झालं! त्या दिवसापासून थोरल्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते म्हातारा वारला तरी थांबलं नाही.

नकाशा होता एका निवाऱ्याचा. वर कड्याच्या पठारावर भटकायला लोक येतात, त्यांना पाठ टेकायला जागा. सिमेंट नाही, लोखंडाचा खिळा नाही. वादळात पडलेल्या झाडांचं लाकूड, खडकाला भोक न पाडता दगडांवर टेकवलेले खांब, आणि प्रत्येक सांध्यात ठोकलेली लाकडी खुंटी. नकोसा झाला तर खुंट्या काढा, निवारा उचलून खाली आणा, डोंगरावर ओरखडासुद्धा उरायचा नाही. हा एक तपासणीत पास झाला की तसे आणखी बांधायचे होते, आणि सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, मग कारखान्याच्या पाटीवर नाव धाकट्याचं.

ही नोव्हेंबरातल्या दुसऱ्या बुधवारची रात्र. गुरुवारी सकाळी सरकारी साहेब लोक निवारा तपासायला येणार होते. संध्याकाळी धाकटा म्हणाला, "दादा, जवसाच्या तेलाचा एवढा डबा वर ठेवून याल का? सकाळी शेवटचा हात मारीन म्हणतो."

"जा ना हो," थोरल्याची बायको म्हणाली. "तुमचेही पाय मोकळे होतील. आणि बघून तरी या, काय सुरेख काम केलंय त्याने!"

थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने डबा घेतला, आणि पिशवीत गुपचूप लाकडी मोगरी टाकली.

कोणाचा जीव घ्यायचा नव्हता त्याला, हे मी शपथेवर सांगतो. वाऱ्याकडच्या खुंट्या मागून ठोकून काढायच्या आणि दरीत भिरकावायच्या. साहेबाने खांबाला हात लावावा, छप्पर कुरकुरून कलावं, आणि सगळ्यांसमोर धाकट्याचं ते गोड तोंड एकदाच पडावं. एवढंच हवं होतं.

वर पोचेपर्यंत अंधार पडला. धुकं इतकं, की पठार कुठे संपतं ते दिसेना. थोरल्याने डबा कोपऱ्यात ठेवला आणि सवयीने सांध्यावर हात फिरवला. नख शिरायला जागा नव्हती. खरंच चांगलं झालं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच त्याला जास्त राग आला.

त्याने मोगरी उचलली. ठक, ठक. पहिली खुंटी निघाली. दरीत टाकली. दुसरी. तिसरी. हात तापला, तसा जोर चढला. शेवटची निघाली आणि तो घाम पुसायला थांबला.

ठक.

कड्यावरून आवाज परत येतो कधी कधी. पण त्याची मोगरी तर खाली होती...

ठक. ठक.

"कोण आहे?"

काही नाही. वारासुद्धा नाही.

"अरे, तू आलास का?" त्याला वाटलं, धाकटाच असणार. "हे बघ, मी आपलं सहज..."

ठक.

त्याने बॅटरी मारली. निवाऱ्यात माणूस नव्हता. पण पहिलं भोक... भरलेलं होतं. त्याने खुंटीला हात लावला. गरम होती. ओढून पाहिली. हलेना. दुसऱ्या भोकाकडे प्रकाश नेला. तेही भरलेलं. लाकूड चिकटवायच्या उकळत्या सरसाचा वास आला. सासऱ्यांच्या शेगडीवर यायचा, तस्सा.

बॅटरी विझली.

मग अगदी कानाशी...

"हं."

तो कसा खाली आला, त्याचं त्याला माहीत. मोगरी वरच राहिली.

सकाळी साहेबांनी खांब हलवून पाहिले, दोघांनी मिळून पाहिले. निवारा ढिम्म. सगळीकडे वाहवा झाली. धाकटा मात्र वाऱ्याच्या बाजूला खाली वाकून बघत राहिला. त्याने थोरल्याला बाजूला बोलावलं.

"दादा, या खुंट्या मी केलेल्या नाहीत. हात तुमचा दिसतोय. पण यांची डोकी जळालीत कशी?"

थोरला वाकला, आणि त्याने त्या ओळखल्या.

आता नीट ऐका. कारखान्यातल्या पहिल्या हिवाळ्यात त्याने दिवसरात्र खपून खुंट्या तासल्या होत्या. सासऱ्यांनी त्या चार कारागिरांसमोर सरसाच्या शेगडीत घातल्या. म्हणाले, "जळणाला बऱ्या आहेत." राख थोरल्यानेच भरून बाहेर नेली. हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. निवाऱ्यात ठोकलेल्या होत्या त्या ह्याच.

पाटीवर धाकट्याचं नाव लागलं. थोरला अजून तिथेच काम करतो. परवा माझ्याकडे बसला होता. म्हणाला, "मला एवढंच सांग. बाबांनी त्या माझ्या म्हणून जपल्या होत्या? की धाकट्याचा निवारा पडू नये म्हणून हाताला लागलं ते जळण ठोकलं?"

निवाऱ्यावर किती पावसाळे गेले. एकदा मी स्वतः वर गेलो होतो, त्यातल्या एका खुंटीला हात लावला.

बोटं काळी झाली.