थावराचा रूळ

विश्वास ठेवा, नका ठेवू. ज्यांच्यावर हे बेतलं, त्यांच्याच तोंडून मी ऐकलंय.

माझे आजोबा तातेराव. साल १९४४, चैत्रातली रणरणती दुपार. हिंगोलीत माणिकरावांचा लाकडाचा कारखाना होता, तिथली ही गोष्ट.

तिथे फळ्या घासायचं एक यंत्र होतं. काचकागद गुंडाळलेला जाड रूळ इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. खालच्या मेजावरून फळी सरकायची. रूळ आणि मेज यांत दोन्ही टोकांना अंतर बराबर लागायचं; ते पान्यानं पेच फिरवून जुळवायचं. नाहीतर फळी एका कडेला पातळ निघायची.

हे यंत्र थावरा सांभाळायचा. तो तापानं गेला. घरीच, बाजेवर.

मग ते काम आजोबांकडे आलं.

आजोबा सकाळी दोन सारखे ठोकळे लावून रूळ नीट बसवायचे. दुपारी भाकरी खाऊन यावं तर...

डावं टोक खाली झुकलेलं.

रोज.

"मालक, पेच कोण फिरवून राहिलं?"

"तुमच्याबिगर त्याला हात कोण लावतं?" माणिकराव म्हणाले. मग हळूच, "थावरा असाच ठेवायचा. डावीकडं खाली."

त्या दुपारी आजोबा जेवायला गेलेच नाहीत.

इंजिन बंद. पट्टा काढून खुंटीला टांगलेला. गडी सगळे बाहेर लिंबाखाली.

आणि आत...

किर्र... किर्र...

पाना फिरल्याचा आवाज. यंत्राजवळ कुणीच नव्हतं.

तरी आजोबा पुढे गेले. डावं टोक झुकलेलंच होतं.

"थावरा," ते मोठ्यानं म्हणाले, "आता हे माझ्याकडं हाय. काहून तरास देतूस?"

आवाज थांबला.

बाहेरच्या गड्यांचं बोलणंही ऐकू येईना.

आजोबांनी ठोकळा घेतला आणि रुळाखाली हात घातला...

रूळ फिरला.

पट्टा खुंटीलाच होता!

त्याच क्षणी कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. गार, घट्ट पकड. आजोबांनी जीव खाऊन हात उपटला आणि मागे कोसळले.

खर्रर्र...

रूळ काहीतरी घासत होता. मग थांबला.

गडी धावत आले. आजोबांची दाही बोटं शाबूत होती. साधं खरचटलंही नव्हतं.

पण रुळाखाली भुकटी पडली होती. सागाची तपकिरी नव्हे.

पांढरी.

नख जळाल्यासारखा वास येत होता तिला.

आजोबा परत त्या कारखान्यात गेले नाहीत. संध्याकाळी आजीनं, सिंधूबाईनं, एवढंच विचारलं, "त्यानं तुमाला आत वढलं, का भाईर काढलं?"

आजोबा उठून मनगट धुवायला गेले.

म्हातारपणी मीही तेच विचारलं. त्यांनी आपलं मनगट चोळलं.

"मला कळलं असतं ना लेकरा," ते म्हणाले, "तर एवढ्या वर्षांत एखांद्या रात्री तरी निवांत झोपलो असतो."