चार वाजताचं वाक्य

दुपारी चार वाजले की परिचारिका कोरा कागद आणि पेन घेऊन यायची, आणि खाटेवरचा वायरमन आपलं ठरलेलं वाक्य लिहायचा: ‘फ्यूज काढल्याशिवाय तारेला हात लावू नये.’ त्याला चालू असलेलं औषध मेंदूवर गेलं तर आधी अक्षर बिघडतं, म्हणून ही रोजची परीक्षा. अक्षर बिघडलं की औषध बंद.

आणि या औषधापलीकडे काहीच उरलं नव्हतं. मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेतला कॅन्सर, तीन उपचारांना पुरून उरला होता. आता ही प्रयोगातली अँटिबॉडी. ती म्हणे एका हाताने रोगाची पेशी धरते आणि दुसऱ्या हाताने शरीरातल्या शिपायाला ओढून तिच्यासमोर उभं करते. वायरमनच्या मोठ्या बहिणीला एवढंच कळलं होतं, आणि संमतीपत्रावर सही करायला तेवढं पुरलं.

ती टपालखात्यात पत्रं वेगळी करायची. तीस वर्षं लोकांची गिचमिड वाचून तिची नजर तयार झाली होती. भावाचं अक्षर म्हणजे तर कोंबडीचे पाय. लहानपणी तो ‘तायडे, तायडे’ करत मागे लागायचा, मग त्याचा गृहपाठ तीच लिहून द्यायची आणि बदल्यात त्याच्याकडून पाय चेपून घ्यायची.

चौथ्या दिवशी कागदावर टपोरं, वळणदार अक्षर उतरलं.

“अगं बाई, सुधारलं की!” परिचारिका म्हणाली. डॉक्टरांनीही मान डोलावली. हात थरथरत नव्हता, त्यांचं काम झालं.

बहिणीने मात्र कागद उजेडाकडे धरला. पेन कुठे टेकवायचं, कुठे उचलायचं, हे कुणाचं एका दिवसात बदलत नाही.

“हे... तू लिहिलंस?” तिने हळूच विचारलं.

“मग कोण?” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “हात माझाच आहे की...”

हे अक्षर त्याचं नाही, हे डॉक्टरांना सांगायला ती दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली. पण सांगितलं की औषध थांबणार, आणि औषध थांबलं की भाऊ हातचा जाणार. दोन्ही वेळा ती परत फिरली. पुढे तिला भीतीही वाटेनाशी झाली. दात काढताना हिरडी बधिर होते, तसं काहीतरी आत झालं होतं. ती रोज यायची, चादर नीट करायची, डबा उघडायची.

दहाव्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. रोगाच्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या.

चार वाजता परिचारिका कागद देऊन शेजारच्या खाटेकडे वळली. भावाने ते वाक्य सुरेख लिहिलं. डाव्या हातात बिस्कीट होतं, ते तो निवांत चघळत होता. उजवा हात मात्र थांबला नाही. तो घसरत कागदाच्या तळाशी गेला आणि थरथरत, खरडत लिहू लागला. कोंबडीचे पाय.

‘तायडे सांग त्यांना मी इथे’

पेन गळून पडलं. भावाचं त्याकडे लक्षही नव्हतं.

परिचारिकेची पावलं जवळ आली. बहिणीने कागद तळाशी दुमडला, नखाने घडी दाबली आणि खालची पट्टी अलगद फाडून घेतली. वरचा कागद तिने पुढे केला.

“मोत्याचे दाणे नुसते!” परिचारिका म्हणाली आणि तो फाइलला लावून निघून गेली.

भाऊ तिच्याकडे वळला. कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि तो प्रेमाने हसला.

“बरं केलंत, ताई,” तो म्हणाला.