येते हं, मिस प्रॉसर

उल्काला इंग्रजी आलं ते शेजारणीच्या भिंतींवरून. कार्डिफमधली गोष्ट, साल असेल शहाऐंशी. नवरा शशिधर डॉक्टर, दिवसभर हॉस्पिटलात. ही घरात एकटी. मग चहाच्या वेळेला ती शेजारी मिस प्रॉसरकडे जायची. त्या ऐंशीच्या पुढच्या, जन्मभर चॅपलमध्ये मुलांना शिकवलेल्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत छतापर्यंत चौकटीच चौकटी: कापडावर रेशमाने भरलेली जुनीपुराणी पद्यं. प्रीती, सदाचार, श्रद्धा, दुसरा विषय म्हणून नाही! म्हातारी एक ओळ म्हणे, थांबे, आणि उल्का ती मागून म्हणे. झालं काय, की बाईसाहेब बसच्या ड्रायव्हरचे आभार शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मानायच्या आणि शशिधर लाजून खिडकीबाहेर बघायचा.

निघताना मात्र उल्का पक्की पुण्याची. दारात वळून म्हणायची, "आय अ‍ॅम कमिंग, मिस प्रॉसर!"

"कमिंग? अगं, तू तर निघालीस," म्हातारी एकदा म्हणाली.

"आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. अशुभ असतं. 'येते' म्हणायचं."

मिस प्रॉसरनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे रोज मला शब्द देऊन जातेस तू." मग त्यांनी खिडकीजवळच्या चौकटीकडे बोट केलं. तिच्यात भरलं होतं, की जिची प्रीती खरी ती वाट पाहते, आणि जिची श्रद्धा खरी ती दाराला कडी घालत नाही. उल्काला ते भारी गोड वाटलं. वाटायचंच हो, परक्या मुलखात कुणी आपली वाट बघतंय म्हटल्यावर!

जानेवारीत आईच्या ऑपरेशनसाठी ती पुण्याला गेली. जातानाही दारातून तेच, "आय अ‍ॅम कमिंग!" तिकडे मुक्काम लांबत गेला. परत आली तोवर मिस प्रॉसर वारल्या होत्या. खिडकीपाशी खुर्चीतच गेल्या, आणि दाराला कडी नव्हती, असं शशिधरने सांगितलं. पुतण्याने चौकटी नेल्या, सामान नेलं, घराला कुलूप लावलं. उल्का पोटभर रडली.

मग एका दुपारी तिने कपात चहा ओतला, आणि दोन घरांमधल्या भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मिस प्रॉसरच्या खोलीतला तोच कोळशाच्या शेगडीचा आणि लॅव्हेंडरचा वास आला. एक थकलेला आवाज सावकाश एक ओळ म्हणाला... आणि थांबला. उल्काचे ओठ आपोआप हलले. तिने ती ओळ मागून म्हटली, तेव्हा कुठे पुढची आली.

रोजचंच झालं ते. ती भिंतीला कान लावून बसे, जेवण तसंच निवून जाई. शशिधरला पलीकडचं काही ऐकू यायचं नाही. दिसायची ती नुसती वाळत चाललेली बायको.

"उल्का, अगं किती दिवस हे?"

"त्या थांबल्यात हो... मी येते म्हटलं होतं ना."

त्याने निवलेलं ताट उचलून आत नेलं. पण आता हिला इथून हलवलं नाही, तर ही हातची जाईल, ही धास्ती त्याने घेतली. लंडनला नोकरी बघितली, तिथल्या पिनर उपनगरात घर घेतलं.

निघायच्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. सामानाची व्हॅन पुढे गेली. उल्का शेजारच्या कुलूपबंद दारापाशी जाऊन उभी राहिली. आईने जन्मात कधी उंबऱ्यावर उच्चारू न दिलेला शब्द. तोंडातून निघेचना मेला.

"मिस प्रॉसर... मी जाते."

तिच्या अंगावर काटा आला. आतून काही नाही.

"जाते हं... आता यायची नाही मी."

तरी काही नाही. वासही नाही. तिला रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. गाडीत ती लंडन येईतो गाढ झोपली, आणि शशिधरने किती तरी महिन्यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

एजंटकडून किल्ल्या घेऊन ते पिनरच्या घरी पोचले, तर व्हॅन अर्धी रिकामी झालेली. दार सताड उघडं. हमाली करणारा माणूस घाम पुसत जिन्यावरून खाली आला.

"तुम्हाला दार कुणी उघडलं?" शशिधरने विचारलं. किल्ल्या त्याच्या मुठीतच होत्या.

"त्या आजीबाईंनी. वर बसल्यात. फार गोड बाई!" तो हसून म्हणाला. "म्हणाल्या, ती यायची नाही म्हणाली, म्हणून मीच आले."

उल्काने एकदा जिन्याकडे पाहिलं, पर्स खाली ठेवली आणि पदर खोचला.

"अहो, कपांचं खोकं आधी फोडा," ती हळूच म्हणाली. "तीन लागतील."